किती मिनिटं खेळली?

हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर यंदाच्या शालेय क्रीडास्पर्धा बहुतेक आटोपलेल्या असतील. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा त्यांच्या पायऱ्या. नांदेड आणि लातूर हे आपले दोन्ही जिल्हे क्रीडा खात्याच्या लातूर विभागात येतात, त्यामुळे नांदेडच्या मुलींना जिल्हा जिंकला की पुढच्या सामन्यांसाठी विभागातल्या दुसऱ्या जिल्ह्यांच्या मुलींसमोर उभं राहावं लागतं. जिंकलेल्या संघांचे फोटो वर्तमानपत्रांच्या जिल्हा पुरवण्यांत छापून येतात. पुढे ढाल, खुर्च्यांवर संस्थाचालक आणि मुख्याध्यापक, मागे ओळीत उभ्या मुली. त्या ओळीतली एखादी मुलगी प्रत्यक्ष मैदानात किती मिनिटं उतरली होती, हे फोटो सांगत नाही. या वेळचं संपादकीय त्या मिनिटांबद्दल आहे.

काहीजणींना नवल वाटेल. पोटगी, बालविवाह, शेतात नावावर नसलेला तुकडा, दारू, कौटुंबिक हिंसाचाराच्या तारखा, एवढं सगळं समोर पडलेलं असताना खेळाच्या मिनिटांवर पानं कशाला खर्च करायची? खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं. म्हणूनच हे लिहिते आहे.

मागच्या वर्षी सोयाबीन काढणीच्या दिवसांत नांदेड जिल्ह्यातल्या एका गावची बाई आमच्या सल्ला केंद्रावर आली. त्या दिवशी तिने कामाचा खाडा केला होता. मला वाटलं नवऱ्याबद्दल काही असेल. तिने पिशवीतून बुटांचा जोड काढून टेबलावर ठेवला. बूट जवळजवळ कोरे होते. म्हणाली, “ताई, गुत्त्यानं सोयाबीन काढून हे घेतले. लेकरू लातूरला कबड्डी खेळाया गेलं. दोन दिवस ऱ्हायलं. एक मिनिट बी खेळू दिलं न्हाई त्याला. बूट बघा, माती तरी लागली का?”

कबड्डीच्या संघात बारा जणी असतात. सात मैदानात उतरतात, पाच राखीव. मुलींचा सामना पंधरा पंधरा मिनिटांच्या दोन डावांचा. तिची मुलगी त्या पाचांतली. संघ दोन सामने खेळला, दुसऱ्यात हरला आणि परत आला. म्हणजे साठ मिनिटांच्या खेळात या मुलीच्या वाट्याला एकही मिनिट आलं नाही.

मी समाजकार्याची पदवी घेतली त्याला आता बरीच वर्षं झाली. तक्रार ऐकताना तिची प्रतवारी लावायची सवय आम्हाला लागून जाते. जिवाला धोका आहे का, अंगावर मार आहे का, घराबाहेर काढलंय का. बुटांची तक्रार यातल्या कुठल्याच खान्यात बसेना. मी तिला समजुतीचं बोलले. खेळात असं चालतंच, पुढच्या वर्षी मिळेल संधी, वगैरे. तिने बूट पुन्हा पिशवीत घातले आणि जाताना एवढंच म्हणाली, “पोराला असं बसवून ठिवलं असतं तर त्याचा बाप शाळंत गेला असता. पोरीसाठी कोन जानार?”

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. कारण मलाही एकदा असंच बसवून ठेवलेलं होतं आणि माझ्यासाठीही कुणी शाळेत गेलं नव्हतं.

माझं बालपण लातूर जिल्ह्यात, ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर वसवलेल्या एका गावात गेलं. नव्या गावात जागा भरपूर होती, झाडं नव्हती, आणि शाळेपुढचं मैदान एवढं मोठं होतं की खो-खोची दोन मैदानं आखता यावीत. मी आठवीत आणि नववीत संघात होते. म्हणजे कागदावर होते. तालुक्याला गेले, जिल्ह्याला गेले, दोन्ही वर्षं राखीव. मी पाण्याची कळशी आणि सगळ्यांच्या चपला सांभाळल्या. घरी कुणी विचारलंच नाही की तू खेळलीस का. ‘जिंकलात का?’ एवढंच विचारलं. दहावीत गेल्यावर खेळ बंद झाला, तेव्हा तो बंद झाल्याचं मला वाईटही वाटलं नाही. जी गोष्ट आपली कधी झालीच नाही ती सुटल्याचं वाईट काय वाटणार? आज वाटतं, बायकांच्या कितीतरी गोष्टी अशाच सुटतात. कुणी हिसकावून घेत नाही. नुसतं कडेला बसवून ठेवतात आणि आपण आपल्याच पायांनी उठून घरी जातो.

दोन दिवसांनी मी त्या बाईच्या गावी गेले. शाळेत जायचं मनात होतं, पण आधी मुलीशी बोलायचं ठरवलं. चौदा वर्षांची, चांगली उंच, बोलायला मोकळी. मी म्हटलं, उद्या तुझ्या सरांना भेटते. तिचा चेहराच उतरला. म्हणाली, “ताई, नका जाऊ. सरांशी भांडलात तर पुढच्या वेळी बाराच्या यादीतही नाव नाही येणार. आणि पप्पांना कळलं, की तिथं जाऊन नुसती बसून आली, तर म्हणतील, मग जातीस कशाला? ते वाटच बघतायत.”

मैत्रिणींनो, या प्रश्नाची खरी गाठ इथे आहे. ज्या घरांत मुलांच्या खेळाला मान आहे, तिथे आईबाप प्रशिक्षकाशी वाद घालतात आणि फार तर संबंध बिघडतात. आपल्याकडे मुलीच्या खेळाची तक्रार घेऊन उठलं, तर ती तक्रारच खेळ बंद करायचं निमित्त होते. ‘खेळायला मिळत नाही ना? मग बस घरी.’ छेडछाडीची तक्रार केलेल्या मुलीची शाळा सुटते, हे आपण पाहिलेलं आहे. इथेही तेच. अन्यायाबद्दल बोललं की शिक्षा जिच्यावर अन्याय झाला तिलाच. म्हणून आपल्या मुली गप्प राहतात, आणि त्यांचं गप्प राहणं म्हणजे समाधान असं आपण समजून चालतो.

आम्ही तिघींनी बसून ठरवलं. भांडायचं नाही, विचारायचं. ‘माझ्या मुलीला का नाही आणि अमकीच्या मुलीला का?’ असा प्रश्न करायचा नाही, कारण दुसऱ्या मुलीला खाली ओढून आपली वर जात नाही, आणि ती दुसरीही कुणा गुत्तेवालीचीच लेक असते. विचारायचं ते एवढंच की हिने काय केलं तर हिला मैदानात उतरता येईल. आणि हे मुलगीच विचारेल, आम्ही दोघी शेजारी बसू. सामन्याच्या दिवशी नाही, सगळ्यांदेखत नाही. शाळा सुटल्यावर, वेळ मागून घेऊन. मुलीने दोन रात्री ते वाक्य पाठ केलं.

क्रीडाशिक्षक खुर्ची पुढे ओढून बसले तेव्हाच माझ्या लक्षात आलं की त्यांना हा प्रश्न आजवर कुणी विचारलेलाच नव्हता. आधी ते चिडले. मग म्हणाले, “पोरगी चांगली आहे. पकड चांगली आहे तिची. पण सरावाला असते कुठं? साडेपाचला खेळ रंगात येतो आणि ही पाचला दप्तर उचलून पळते.” मुलगी पाचला पळत होती कारण तिच्या गावाची शेवटची गाडी सव्वापाचला होती. ती चुकली तर पाच किलोमीटरची चाल, वाटेत ओढा, आणि अंधार. मैदानावर जिला जास्त मिनिटं मिळत होती त्या बहुतेक मुली शाळेच्या गावातल्याच होत्या. सरांनी पक्षपात केला नव्हता. त्यांनी सरावाला असणाऱ्या मुली निवडल्या होत्या. पण सरावाला कोण असेल हे एसटीच्या वेळापत्रकाने आधीच ठरवून टाकलं होतं.

मुलींसाठी शाळेचा एसटी प्रवास मोफत आहे. मानव विकास मिशनच्या गाड्या खास मुलींच्या शिक्षणासाठी सुरू झाल्या आणि कितीतरी वाड्यातांड्यांवरच्या मुली त्यामुळे शाळेत टिकल्या. हे आपल्या चळवळीनेही मागितलेलं होतं, त्याचं मोल मी कमी करत नाही. पण या गाड्या शाळेच्या वेळेला बांधलेल्या असतात. वर्ग सुटला की मुलीने घरी परतायचं, हे वेळापत्रकाने गृहीत धरलेलं आहे. शाळा सुटल्यावर अर्धा-पाऊण तास मुलगी मैदानावर थांबेल अशी कल्पना वेळापत्रक करणाऱ्याच्या मनात आली नाही. मुलग्यांचं अडत नाही. ते सायकलवर जातात, कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसतात, नाहीतर चालत जातात आणि रात्री आठला घरी पोचले तरी जेवायला वाढून मिळतं.

म्हणजे त्या मुलीची मिनिटं लातूरच्या मैदानावर गेलीच नव्हती. ती आधी रस्त्यावर गेली होती. आणि त्याच्याही आधी घरात. सकाळी सरावाला का येत नाहीस, असं सरांनी विचारलं तेव्हा आई खाली बघायला लागली. सकाळी आई कामावर जाते, भाकरी मुलगी करते, धाकट्या भावाला मुलगी तयार करते. आईला हे तोवर तक्रारीचा भाग वाटलंच नव्हतं. शाळेत जाब विचारायला निघालेली आई परत येताना गाडीत बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “भाकरीचं बघते मी.”

पुढे काय झालं ते खरंखरं सांगते, कारण आपल्या अंकांतून आपण नेहमी विजयाच्याच गोष्टी सांगतो. सरांनी आठवड्यातले दोन दिवस दुपारच्या सुट्टीत सराव ठेवला. आगाराला गाडी अर्धा तास उशिरा सोडण्याबद्दल आम्ही गावातल्या बायकांच्या सह्यांचं निवेदन दिलं. ते पुढे पाठवलं आहे असं सांगितलं गेलं, गाडी सव्वापाचलाच सुटते. यंदा मुलगी तालुक्याच्या सामन्यात दुसऱ्या डावात उतरली. किती वेळ, असं मी विचारलं तर म्हणाली, आठ मिनिटं. तिने स्वतः मोजली होती. एका चढाईत बाद झाली, एक पकड केली. संघ जिल्ह्याला हरला. बुटांना माती लागली.

ही एक गोष्ट बऱ्यापैकी सरळ निघाली. सगळ्याच तशा निघत नाहीत, म्हणून इथे थांबून थोडं वेगळं करून पाहायला हवं. मुलगी बाहेर बसली या एकाच दिसणाऱ्या गोष्टीमागे निदान तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि तिन्हींना एकच औषध नाही.

पहिली, खेळातल्या निर्णयाची. प्रत्येक सामन्यात सात जणीच खेळणार. खो-खोत नऊ जणी उतरतात आणि बचावाला तीन-तीनच्या तुकडीने जातात. पहिल्या तुकड्या टिकल्या तर शेवटच्या तुकडीला पळायला मिळत नाही, आणि तो त्या तुकडीवरचा अन्याय नसतो. कुणाला तरी बाहेर बसावंच लागतं. अशा वेळी आईच्या रागाचं आपण मोर्चात रूपांतर करू नये. मुलीला विचारावं, तुला खेळायचंय का? किती? कधीकधी आईलाच हवं असतं आणि मुलीला मैत्रिणींबरोबर जाण्यातच आनंद असतो. तिला खरंच हवं असेल तर तिने काय वाढवावं ते शिक्षकांना विचारावं आणि एक-दोन महिन्यांनी पुन्हा विचारावं.

दुसरी गोष्ट भेदभावाची. आडनाव पाहून, वस्ती पाहून, तांडा पाहून मुलगी कडेला बसते. संस्थेतल्या कुणाची नात असेल तर ती सातांत असते. मुसलमान मुलीला पूर्ण पायजमा घालून खेळायचं असतं म्हणून ‘नियमात बसत नाही’ असं तोंडी सांगितलं जातं आणि तो नियम कुणी दाखवत नाही. फुटबॉलच्या जागतिक संघटनेनेही डोक्यावर रुमाल बांधून खेळायला २०१४ मध्ये परवानगी दिली, हे अशा वेळी माहीत असलेलं बरं. इथे गोड बोलून भागत नाही. लेखी विचारावं, लेखी उत्तर मागावं, मुख्याध्यापकांकडे, शाळा व्यवस्थापन समितीकडे, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका असायला हव्यात असं शिक्षण हक्काचा कायदा सांगतो. त्या बायकांतल्या किती जणींनी मैदानाचा विषय बैठकीत काढला, हे आपापल्या गावात विचारून पाहा. त्याच २००९ च्या कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य असलं पाहिजे हेही लिहिलेलं आहे.

भेदभाव दर वेळी ठरवून केलेला असतो असंही नाही. पाळी आलेली मुलगी ‘पाय दुखतो’ सांगून स्वतःच बाहेर बसते, कारण मैदानावर पॅड बदलायला जागा नाही आणि सरांना सांगायची सोय नाही. सरांच्या वहीत ती ‘कामचुकार’ होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २०२१ च्या फेरीत, देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. ‘दम नाही हिच्यात’ असं म्हणून जिला बसवलं, तिच्या ताटात काय होतं हा प्रश्न शेवटी आपल्याच चुलीपाशी येतो.

तिसरी गोष्ट सगळ्यांत गंभीर. खेळायला मिळणं हे ज्याच्या हातात, त्याच्या हातात मोठी सत्ता असते. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण आहेत, शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के जागा आहेत. गरीब घरच्या मुलीसाठी हा भाकरीचा रस्ता आहे आणि त्या रस्त्याच्या तोंडाशी एकच माणूस उभा असतो. ‘तुला संघात घेतो, पण’ या ‘पण’नंतर काय येऊ शकतं हे आपल्याला सांगायला नको. २०२३ मध्ये देशातल्या नामवंत महिला कुस्तीगीर दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या, तेव्हा त्यांच्या आरोपांचा गाभा हाच होता की तक्रार केली तर खेळ जाईल. जागतिक पदकं मिळवलेल्यांची ही गत, तर आपल्या आठवीतल्या मुलीने कुणाला सांगायचं? इथे शिक्षकाला भेटून समजावणं, ‘आपसात मिटवणं’ ही चूक आहे. अठरा वर्षांखालच्या मुलीच्या बाबतीत २०१२ चा पोक्सो कायदा लागतो आणि ज्याला कळलं त्याच्यावर कळवण्याची जबाबदारी येते, म्हणजे आपल्यावरही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा क्रीडासंकुल, प्रशिक्षण आणि स्पर्धेच्या जागेलाही लागू आहे. १०९८ हा नंबर प्रत्येक मुलीला पाठ असावा. मुलगी अचानक सरावाला जायचं टाळू लागली, किंवा अचानक एकटीलाच जादा सरावाला बोलावलं जाऊ लागलं, तर मिनिटं मोजत बसू नका, तिच्याजवळ बसा.

आता थोडं आपल्याबद्दल. शिक्षकांना, संस्थांना बोल लावणं सोपं आहे. दर वर्षी ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, आम्ही किशोरी गटांच्या कबड्डीचे सामने घेतो. काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याचा गट अंतिम सामन्यात होता आणि संघाची जबाबदारी माझ्याकडे होती. दुसरा डाव, दोन गुणांचा फरक. तांड्यावरच्या दोन मुली सकाळपासून कडेला बसल्या होत्या. त्यांना उतरवायचं मी सकाळी कबूल केलं होतं. मी त्यांना उतरवलं नाही. आम्ही जिंकलो. जल्लोष झाला, घोषणा झाल्या, मुलगी-मुलगा समान असल्याची गाणी झाली. परतीच्या गाडीत त्यांतली एक माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “ताई, तुमच्यातबी तसंच हाय का?” त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. ती मुलगी पुढच्या बैठकीला आली नाही. तिला परत आणायला मला चार महिने लागले. पहिल्या तीन वेळा तिच्या आईने मला दारातूनच परत लावलं.

त्यानंतर आम्ही आमच्या सामन्यांचा नियम बदलला. आलेल्या प्रत्येक मुलीने निदान एक डाव पूर्ण खेळलाच पाहिजे, नाहीतर त्या संघाचे गुण धरायचे नाहीत. पहिल्या वर्षी कुरकुर झाली. ‘मग जिंकणार कसं?’ असं मुलीच म्हणाल्या. त्या वर्षी आमचा गट पहिल्याच सामन्यात हरला. पण दुसऱ्या वर्षी पहिल्यांदाच असं झालं की आदल्या वर्षी आलेल्या सगळ्या मुली पुन्हा आल्या.

हे काही आमचं एकटीचं वेड नाही. नॉर्वेमध्ये १९८७ साली मुलांच्या खेळाचे वेगळे नियम केले गेले. अकरा वर्षांखालच्या मुलांच्या सामन्यांचे निकाल आणि क्रमवाऱ्या लावायच्या नाहीत, तेरा वर्षांपर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. आधी सगळ्यांनी खेळायचं, निवड नंतर. आणि हा देश हिवाळी ऑलिंपिकमध्ये पदकांच्या तक्त्यात सगळ्यांत वर असतो. म्हणजे सगळ्यांना खेळवलं की दर्जा घसरतो ही समजूतही खरी नाही. मुलांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातलं एकतिसावं कलम खेळण्याच्या हक्काचं आहे आणि भारताने तो करार ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारला. त्यात जिंकण्याचा हक्क लिहिलेला नाही, खेळण्याचा लिहिलेला आहे.

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जणी रात्री बारापर्यंत टीव्हीसमोर होत्या. मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जला त्याच स्पर्धेत इंग्लंडविरुद्ध संघाबाहेर ठेवलं होतं. तिनेच उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा काढल्या. शेफाली वर्मा तर मूळ संघात नव्हतीच. सहकारी जखमी झाली म्हणून बोलावली गेली, आणि अंतिम सामन्यात ८७ धावा आणि दोन बळी घेऊन सामन्याची मानकरी ठरली. आता शाळाशाळांतून बाहेर बसलेल्या मुलींना ही उदाहरणं सांगितली जातील, ‘थांब, तुझीही वेळ येईल.’ सांगताना जरा जपून सांगूया. त्या दोघी बाहेर बसल्या त्याआधी हजारो तास खेळलेल्या होत्या. आपली मुलगी खेळण्याआधीच बाहेर बसते. धीर धरायला सांगणं आणि गप्प बसायला सांगणं यांत फरक असतो, आणि बायकांना आजवर दुसरी गोष्ट पहिलीच्या नावाखाली सांगितली गेली आहे.

जवळचंच उदाहरण हवं तर शेजारच्या धाराशिवची सारिका काळे आहे. गरिबीत वाढलेली ही मुलगी खो-खोच्या भारतीय संघाची कर्णधार झाली. २०१६ च्या गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्या संघाने सुवर्णपदक मिळवलं, आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. नांदेडची भाग्यश्री जाधव २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये देशाचा झेंडा घेऊन चालली. मराठवाड्याच्या मातीत दम नाही असं कुणी म्हणू नये. पण एक सारिका दिसते तेव्हा, भाकरी करायची म्हणून, गाडी चुकेल म्हणून, ‘दहावी आलीय’ म्हणून ज्या उठून गेल्या त्या किती, हे मोजणारी वही कुठल्याही कार्यालयात नाही. आणि लातूरमध्ये तर दहावी-बारावी म्हणजे शिकवण्यांचाच हंगाम. गुणांच्या त्या शर्यतीत खेळाचा तास सर्वांत आधी जातो. मुलग्याचा गेला तर तो गल्लीत क्रिकेट खेळतो. मुलीला गल्ली नसते.

म्हणून एक छोटं काम सुचवते. येत्या तीन महिन्यांत आपापल्या गटातल्या पाच मुलींना विचारा, गेल्या आठवड्यात तू किती मिनिटं खेळलीस? सामन्यात, सरावात, अंगणात, कुठेही. नाही खेळली तर ती मिनिटं कुठे गेली? घरात, रस्त्यावर, की मैदानाच्या कडेला? तिच्या भावालाही हाच प्रश्न विचारा आणि दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी लिहा. आईला तिथे बसवा. गावसभेत वाचायला याहून चांगला कागद सापडणार नाही. आणि ज्या शाळेत शेवटच्या गाडीपायी सराव सुटतो तिथल्या मुलींची यादी आम्हाला पाठवा. एका गावच्या निवेदनाने आगाराची गाडी हलली नाही, वीस गावांच्या निवेदनाने कदाचित हलेल.

परवा ती बाई पुन्हा भेटली. बूट आता मुलीला लहान झालेत. मी म्हटलं, धाकट्याला होतील. ती म्हणाली, “न्हाई. वरच्या आळीची एक पोर यंदा नव्यानं जायलीय सरावाला. तिला दिले.”

तुमच्या पत्रांची वाट पाहते आहे.